आग्नेयेचा रेडिएटर

सुचेताबाईंच्या खोलीतला रेडिएटर दिसायला अप्रतिम होता. फक्त तापत नव्हता. माणसाएवढा उभा, कोळशाच्या रंगाचा तो सपाट ऐवज सुनेने, नंदाने, कॅटलॉगमधून निवडला होता आणि लीड्समधल्या त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो शिल्पासारखा दाखवला जाई. सुचेताबाई पुण्यातल्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका, आता मुलाकडे राहायला आलेल्या. वास्तुशास्त्राचे खंडन करणारा त्यांचा ग्रंथ मार्चअखेर प्रकाशकाकडे जायचा होता, आणि जानेवारीतच त्यांची बोटे लेखणी धरीनाशी झाली होती.

"आई, ब्लीड केलाय मी. हवा निघाली सगळी," मुलगा उदय म्हणाला. "आता सिस्टिम बॅलन्स करतो."

बॅलन्स करताना त्याने खालच्या मजल्यावरचे सगळे रेडिएटर आवळले. खालचे घर गारठले. वरची सुचेताबाईंची खोली होती तशीच राहिली. मग त्याने बॉयलरचा दाब वाढवला, तेव्हा मागच्या भिंतीतल्या नळीतून पाणी गळू लागले.

नंदाने वाकून रेडिएटरच्या तळाला हात लावला. "पण खाली गरम आहे की, आई! घोट्यापर्यंत तर मस्तच."

"घोट्यांनी लिहायची मला सवय नाही, नंदा."

अखेर राज आला. लेस्टरला जन्मलेला, पन्नाशीचा मराठी प्लंबर. त्याने दोन्ही पाइप चाचपले आणि कपाळाला हात लावला.

"काकू, हा रेडिएटर चुकीची बाजूनी लावलाय. आतमध्ये एक पत्रा असतो, गरम पाणी वर ढकलायला. पाणी येते त्या साइडला पाहिजे. हे दुसरी साइडला आहे. पाणी आत येते, खालूनच सरळ बाहेर जाते. हू टोल्ड देम?"

"मीच सांगितलं," नंदा म्हणाली. "फिटर डावीकडून पाणी घेत होता. पण डावीकडे ईशान्य येते! अग्नी आग्नेयेकडूनच यायला हवा. आईंनीच नाही का सांगितलं, व्हिडिओ कॉलवर?"

सुचेताबाईंचा चेहरा रेडिएटरपेक्षाही थंड झाला. "मी पूर्वपक्ष मांडत होते, नंदा. प्रतिपक्षाचे मत आधी पूर्ण मांडायचे, मग खोडायचे, ही आपली परंपरा आहे. खंडन पुढे होते."

"हो, पण तेवढ्यात माझा कुकर झाला ना."

दोन हजार वर्षांच्या वादपद्धतीचा निकाल तिसऱ्या शिट्टीला लागला होता. राजने गळकी नळी सांधली, पाणी काढले, रेडिएटरची डावी-उजवी बाजू पालटून तो बसवला, आणि तासाभरात तो डोक्यापासून पायापर्यंत तापला. सुचेताबाईंनी शाल काढली आणि लेखणी उचलली.

दार उघडले. नंदा कपडे वाळवायचा स्टँड घेऊन आली. "किती कोझी झालंय हो इथे!" मागोमाग उदय लॅपटॉप घेऊन. "आई, मी म्यूटवर आहे, तू लिही." मग तो म्यूटवरून उतरला आणि अडीच तास बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी दोन खुर्च्या आल्या, तिसऱ्या दिवशी चहाही वरच होऊ लागला. तीन दिवसांत ग्रंथात अर्धे वाक्य पडले, आणि त्यावर उदयच्या वाळत घातलेल्या मोज्यांतले पाणी.

चौथ्या दिवशी सगळे जेवायला खाली असताना सुचेताबाईंनी रेडिएटरचा व्हॉल्व्ह हळूच उजवीकडे फिरवला, घट्ट होईपर्यंत.

"अय्या, परत गेला?" तासाभराने नंदा रेडिएटर चाचपत म्हणाली. "राजला बोलावू?"

"नको. त्याला किती त्रास द्यायचा!"

"अगं, पण तू कशी राहशील या थंडीत?" उदयने विचारले. विचारता विचारताच तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता.

"राहीन."

स्टँड गेला, खुर्च्या गेल्या. सुचेताबाईंनी दार लावले, दोन रजया अंगावर ओढल्या आणि ते अर्धे वाक्य पुरे केले.