माने गुरुजी चांगलं बोलले

सोमवारी परिपाठ झाला, माने गुरुजी सातवीच्या वर्गात शिरले आणि ऋषिराजला म्हणाले, "तू आज दप्तर जागेवर ठेवलंस, ते मला आवडलं." वर्ग गार पडला. ऋषिराजनं आधी दप्तराकडं पाहिलं, मग दाराकडं.

जोतीराम माने गुरुजी काही हौसेनं गोड झाले नव्हते. मुलांची वागणूक कशानं सुधारते, यावर संशोधन करणारी रेश्मा नावाची मुलगी सांगलीहून या रहिमतपुराकडच्या गावात येणार होती. तिची रीत अशी, की पोर चुकलं तर ओरडायचं नाही. नीट वागलं तर नेमकं काय नीट केलं ते सांगून कौतुक करायचं. गुरुजींनी ते आठवडाभर करायचं आणि शुक्रवारी तिनं वर्गात बसून बघायचं. मुख्याध्यापिका जरिनाबाईंनी बजावलं होतं, "तिच्यासमोर ओरडलात, तर सातवी वीरधवल सरांकडं." गुरुजी मे महिन्यात निवृत्त होणार होते, आणि ते याच वर्गातून, असं त्यांनी मनाशी धरलेलं. वर्षभर पाणी पाजलेल्या उसाला कोयता दुसऱ्यानं लावावा, हे कुणाला सोसेल?

कौतुक त्यांना जड जात होतं, कारण त्यांची सारी कमाई शिव्यांची. कुणी पाचट, कुणी खोंड, कुणी भिजलं घोंगडं. एकाची शिवी दुसऱ्याला कधी दिली नाही. दिलेली पदवी जन्मभर टिकायची. मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले त्यांचे जुने विद्यार्थी तानाजी पारावर अजून सांगत, की भरतीनंतर कवायतीचा उस्ताद पहिल्यांदा गरजला तेव्हा बाकीची पोरं रडली, त्यांना मात्र गावी आल्यासारखं वाटलं.

तर सातवीतल्या साक्षीनं त्या सोमवारी घरी जाऊन आजीला सांगितलं, गुरुजी माझ्या अक्षराला छान म्हणाले. आजीची, म्हणजे धोंडुबाईची, भाकरी तव्यावरच करपली. या गावात मास्तर पोरांना चांगलं म्हणतो तो एकदाच, निरोप समारंभात, हार गळ्यात पडल्यावर. त्यामुळं तिला विचार असा करावाच लागला नाही. गुरुजींची बदली झाली, एवढंच तिनं शेजारी सांगितलं. दिवेलागणीला ते पारावर पोचलं आणि तिथून तानाजी तडक गुरुजींच्या दारात.

"आवं गुरुजी, आमाला सांगायचं न्हाई व्हय?"

"कुठं जात न्हाई रं मी," गुरुजी म्हणाले. पण दिवसभराची सवय जिभेला लागली होती. "तू आपणहून चौकशीला आलास, ते मात्र मला आवडलं."

तानाजींचा चेहरा उतरला. "मला बी चांगलं बोलाय लागला. म्हंजी खरंच हाय."

मग जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले. विट्याचा जयराज एके काळी मामाकडं राहून याच शाळेत शिकलेला; आता कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "गुरुजी, हितं समदी मला शेठ म्हनत्यात. पाचट म्हननारं एकच मानूस हुतं." गुरुजी फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसले. आपण इतक्या लांबपर्यंत ऐकू जात होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी रेश्मा आली तेव्हा वर्ग झाडून लख्ख होता. कट्टर वैरी एका बाकावर बसले होते. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी मधे बोललं नाही. जाणाऱ्या माणसाला कशाला त्रास, अशी पोरांची समजूत. अपूर्णांकाची बेरीज सांगताना ऋषिराजला हुंदका आला, तर शेजाऱ्यानं त्याला स्वतःचा रुमाल दिला. रेश्माचे डोळे चमकले. असला वर्ग तिनं कुठंच पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर गुरुजींनीही नाही.

दोन आठवड्यांनी जरिनाबाईंनी त्यांना बोलावलं. रेश्माचा अहवाल आला होता आणि सातवीची अशी तारीफ त्यात होती, की वरच्या साहेबांपर्यंत गेली. गुरुजींना राहवेना. फुकटचं श्रेय पचायचं नाही म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोरं रीतीनं सुधारली नव्हती, मी चाललोय असं समजून शहाण्यासारखी वागत होती.

जरिनाबाईंनी इतक्या वर्षांत त्यांना एक बरा शब्द दिला नव्हता. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही प्रामाणिकपणे खरं सांगितलंत, ते मला फार आवडलं."

गुरुजी सावकाश खुर्चीवर टेकले.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्याला. जिल्ह्यातल्या शिक्षकांना ही रीत शिकवायला," बाई म्हणाल्या. "सोमवारी हजर व्हायचंय."