परवानगी लेखीच हवी

भाडेकरार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मग सही करणारी अख्ख्या अंबरनाथमध्ये मी एकटीच असणार! बाकीचे लोक भाड्याचा आकडा बघतात आणि सही ठोकतात. मी रसायनशास्त्रातली एम.एस्सी. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही.

त्यामुळे सातवं कलम मला पाठ होतं. लेखी पूर्वसूचना दिल्याशिवाय मालकाने घरात पाऊल ठेवू नये! आणि आमच्या मालकीणबाई कौसाबाई रोज ठेवत होत्या. बुवापाड्यातली ही इमारत त्यांच्या जुन्या शेतजमिनीवर उभी, दुसरी चावी त्यांच्या कमरेला, आणि सगळ्यात कडक ऊन नेमकं माझ्या गॅलरीत. गच्चीवर कावळे, अंगणात मांजरं. मग पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील वाळणार कुठे? माझ्याकडे!

“मावशी, हे कराराविरुद्ध आहे,” मी म्हटलं.

“काय गो बाय, ऊन पन तुज्या करारान लिवलंय?”

“गॅलरी लिहिली आहे. ऊन तिच्यासोबत आलं.”

“बरं, दारातशी इचारून येईन.”

“तोंडी चालणार नाही. लेखीच हवं. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल!”

कौसाबाईंनी टोपली उचलली आणि विजेत्यासारखी माझी छाती फुगली.

त्यानंतर मी एका मोठ्या संशोधनाला लागले. कामावरून परतलं की गॅलरीत एक उग्र वास रेंगाळलेला असायचा. आनंदनगर एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत वास ओळखणं हे माझं रोजचं काम. निदान केलं : अमाइन! कुठला तरी कारखाना दिवसा चोरून वायू सोडतोय. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, आणि शुक्रवारी वासालाही सुट्टी! याहून पक्का पुरावा कोणता? मी आमच्या नरेंद्रसाहेबांना सांगितलं. ते एवढे खूश झाले की म्हणाले, “उगम शोधून काढ!”

अशाच एका शुक्रवारी छोल्यांचा कुकर चढवून मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि आतली कडी आपोआप पडली. फोन आत, गॅस आत, अक्कलही बहुधा आतच! कुकरमध्ये पाणी बेताचं घातलं होतं. ते आटलं की काय होतं, हे शास्त्र शिकलेल्या माणसाला जरा जास्तच स्पष्ट दिसतं.

“मावशी! वर या! चावीनं दार उघडा!”

अंगणात मिरच्या निवडणाऱ्या कौसाबाईंनी मान वर केली. “मी? तुज्या घरान? नाय बाय! सातवा कलम हाय ना!”

“मी परवानगी देतेय!”

“तोंडी चालत नाय.”

खालच्या गॅलरीतून श्यामकांतकाकांनी डोकं बाहेर काढलं. काका निवृत्त कारकून. “बरोबर आहे त्यांचं. उद्या तू तक्रार केलीस तर? दोन ओळी लिहून टाक खाली.”

“कशावर लिहू, काका? टॉवेलवर?”

“चालेल. तारीख घाल फक्त.”

आत शिट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येक शिट्टीला मी एक कलम रद्द करत होते. “सातवं गेलं! आठवं गेलं! मावशी, अख्खा करार फाडते, पण या हो!”

आणि अचानक शिट्ट्या थांबल्या. पाणी संपलं! खाली पाहिलं तर मिरच्यांपाशी कौसाबाईही नाहीत! मी कोपऱ्यात अंग चोरलं, टॉवेल डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

खट्ट! दार उघडलं. कौसाबाई उभ्या. हातात पक्कड.

“गॅस बंद केला. ऊठ गो पोरी! जरा गंमत केली तर.”

मी त्यांना मिठीच मारली. छोले वाचले, स्वयंपाकघर वाचलं, मी वाचले!

“ही कडी अशीच पडते,” त्या म्हणाल्या. “गेल्या आठवड्यान मी पन अडकले. ह्या श्यामकांतनं सोडवली.”

मी मिठी सोडली. “गेल्या आठवड्यात? माझ्या गॅलरीत?”

खालच्या गॅलरीतलं डोकं झटकन आत गेलं.

“मंग बोंबील कुठं घालू? तू कामाला गेलीस का घालते, तू यायच्या आधी काढते. शुक्रवारी तू घरान असतेस, म्हनून तेवढा येत नाय.”

अमाइन! माशाला जो वास येतो ना, तोही अमाइनचाच. रसायन मी अचूक ओळखलं होतं, फक्त कारखाना चुकला होता!

करार आम्ही तिथल्या तिथे सुधारला. तोंडीच. चावी मावशींची, ऊनही मावशींचं. फक्त कडी बदलून द्यायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नरेंद्रसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय अनुया, सापडला का उगम?”

“हो सर,” मी म्हटलं आणि डबा पुढे सरकवला. “बोंबलाची चटणी केलीय. घ्या ना थोडी!”