भोणखेड्याची किनारपट्टी

जमिनीखालचे पाणी कोणाचेच नसते. वर आले की ते योजनेचे होते आणि प्यायल्यावर ज्याचे त्याचे. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना आत वळल्यावर लागणाऱ्या भोणखेडे गावात हा नियम फार काटेकोरपणे पाळला जातो.

गावाच्या मधोमध सार्वजनिक बोअर आहे. बोअरला लागून डबके आहे. गाव हागणदारीमुक्त झाले, तेव्हा सगळ्या नव्या संडासांचे पाणी या डबक्यात आणून सोडले. गावाचे पाणी गावातच मुरावे, असा थोर विचार त्यामागे होता. (सत्काराचा फलक डबक्याच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात तो लांबूनच वाचावा लागतो.)

गेल्या उन्हाळ्यात पुना आबांच्या यशोदाबाई काविळीने गेल्या. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झाली. गंधमुक्तीच्या उत्तरकार्याला आलेले लोक याबद्दल हळहळले आणि त्याच बोअरच्या पाण्याचा चहा प्यायले. चहाला नाव कोणी ठेवले नाही. आबांनाच तो जाईना, कारण तो यशोदाबाईंनी केलेला नव्हता.

सून सुलक्षणाला सातवा महिना लागला होता. त्यामुळे आबांनी अर्ज केला; मागणे एकच: डबके बुजवा, नाहीतर बोअर बंद करा. दोन्हींपैकी काय, ते सरकारने आपल्या सोयीने ठरवावे.

सरकार आले. भूजल जागृती सप्ताहात भूजल खात्याच्या प्रेमराज साहेबांनी शाळेच्या भिंतीवर चित्रे दाखवली. समजावले उत्तम. पाऊस मुरतो, खडकाच्या भेगांत साठतो, जिथवर साठतो ती भूजल पातळी, आणि वर जे टाकाल ते आज ना उद्या खाली पोचते. इथे आबांनी हात वर केला. पण पुढचा भाग समुद्रकिनाऱ्याचा होता. कार्यक्रम साऱ्या राज्यासाठी एकच बनलेला. खानदेशात समुद्र नाही म्हणून तो गाळायचा अधिकार साहेबांना नव्हता. गावाने पुळण, वाळूचे दांडे, खाजण आणि समुद्रातले उभे खडक मन लावून पाहिले. एवढे पाणी बघून पुढे बसलेल्या कमलबाई दोनदा उठून बाहेर जाऊन आल्या.

मग बोअरचे पाणी तपासले. यंत्र फक्त खारटपणा मोजत होते. पाणी खारट निघाले. साहेबांच्या मोबाइलमध्ये कारणासाठी दोन पर्याय होते: 'समुद्राचे पाणी शिरले' आणि 'लागू नाही'. पाणी खारट असताना 'लागू नाही' म्हणणे खोटे ठरले असते, आणि साहेब प्रामाणिक होते.

"साहेब, हाऊ संडासना खार शे," आबा म्हणाले.

"आबा, तो पर्याय नाहीये यात."

"मंग समुद्र कोठे शे?"

"सुरतेच्या पलीकडे."

"आन तो आठे वना? एसटीम्हा बशीसन?"

पंक्चर काढणारे गफूरभाई मागून बोलले, "आबा, आपलं अर्धं गाव सुरतले जास. समुद्र एकदाव आठे वना त काय बिघडनं?"

शाळा हसली. हसणे थांबेपर्यंत आबा उभेच राहिले.

"मनी यशोदा काय समुद्र पीसन गयी?"

साहेबांनी दोन्ही पर्याय पुन्हा वाचले. मग पहिला पर्याय दाबला.

एकदा समुद्र मान्य झाल्यावर बाकीचे ओघाने आले. किनारा म्हटला की त्याची भूरूपे लागतातच. पंचायतीच्या अर्धवट बांधकामाची वाळू ही पुळण ठरली. पडलेल्या टाकीचा उरलेला खांब हा लाटांनी झिजवलेला खडक. आणि डबके हे खाजण. (खाजण म्हणजे वाळूच्या दांड्याआड अडकलेले खारे पाणी. पाणी अडकलेले होते आणि खारेही होते. दांडा रोजगार हमीतून टाकून घ्यायचे ठरले.)

आबांच्या अर्जाला उत्तर आले, हेच मोठे. खाजण हे नैसर्गिक भूरूप असल्याने बुजवता येत नाही. बोअर बंद करून उपयोग नाही, कारण दोष समुद्राचा आहे. समुद्र या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

आबांनी सुलक्षणाला साक्रीला माहेरी पोचवले. तिथवर समुद्र गेलेला नाही. (तपासणी व्हायची आहे.)

आता रविवारी धुळे-जळगावची माणसे खानदेशचा किनारा पाहायला येतात. एका हाताने नाक धरतात, दुसऱ्याने फोटो काढतात. आबा बोअरपाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला पाणी पिऊ नका म्हणतात, आणि विचारतात, "तुमना घर पाणी कोठून येस?"

"आमची काळजी सोडा, आबा. आमच्याकडे जार येतो. थंडगार."

तुम्हीही आत्ता मनात हेच म्हणालात.

आबा वाद घालत नाहीत. बोअरमागे एक टेंपो उभा असतो, त्याच्याकडे नुसते बोट दाखवतात. त्यातले निळे जार बोअरवर भरून झाले की तो तुमच्याकडेच निघतो.