येऊ का रे आत?

आमचे हेडमास्तर गणेशपंत वर्गात शिरण्याआधी दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, "येऊ का रे आत?" मुलांनी "या" म्हटल्याखेरीज पाऊल आत पडायचं नाही. एकदा पाढ्यांच्या गलक्यात कुणाला ऐकूच गेलं नाही, तर हे गृहस्थ भर उन्हात अंगणात उभे! मी शेजारच्या वर्गातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अहो, हेडमास्तर ना तुम्ही? की भिक्षेला आलेले गोसावी?

कल्याणच्या त्या मराठी शाळेत मी दुसरा मास्तर. गावात म्हणत, इतर शाळांत पोरं मास्तरांना भितात, इथे मास्तर पोरांना भितात. मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोलू, पंत होतेच भित्रे. पाल दिसली की खुर्चीवर चढत. आगगाडीची शिट्टी झाली की अर्धं वाक्य गिळून टाकत. कचेरीचा पट्टेवाला नुसता रस्त्यानं गेला तरी यांचा हात पगडीकडे जायचा. मुलं खुदुखुदु हसत. पंतही हसत आणि म्हणत, "तुम्ही भिऊ नका रे. मी भितोय तेवढं पुरे."

आणि या भित्र्या माणसानं शाळेची काय उलथापालथ केली म्हणता! आल्या आल्या खुंटीवरची छडी काढली आणि खाडीत नेऊन टाकली. ओणवं उभं करणं बंद. घोकंपट्टी बंद. भूगोलाचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर पृथ्वीचा गोल. पंतांनी ते मिटून फडताळात ठेवलं. त्यांचा भूगोल शाळेच्या उंबऱ्यापासून सुरू व्हायचा. मुलं धुळीत बोटानं नकाशा काढायची: ही शाळा, ही बाजारपेठ, हे बंदर. मग नदीच्या काठाकाठानं थेट शहाडपर्यंत वरात. मी कुरकुर केली तर म्हणाले, "विलायत कुठे पळून जात नाही, सदाशिवराव. आधी पोराला आपलं घर तर सापडू दे."

त्याहून कहर म्हणजे शेवटचा तास. त्या तासाला मुलांनी विचारायचं आणि मास्तरांनी उत्तर द्यायचं! एका कार्ट्यानं मला विचारलं, नदीचं पाणी गोड आणि खाडीचं खारट, तर दोन्ही भेटतात तिथल्या माशाला कसं लागतं? कप्पाळ माझं! ट्रेनिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं होतं?

पंतांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, त्यामुळे ते बोरू भलत्याच तऱ्हेनं धरत. मुलांना वाटलं, लिहायची रीतच ती. बघता बघता अख्खी शाळा दोन बोटं मुडपून लिहू लागली आणि सगळ्यांची अक्षरं एकाच अंगाला कलली. आणि नेमकी डिप्टीसाहेबांची परीक्षा तोंडावर आली होती.

हे डिप्टी म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अंमलदार. क्रमिक पुस्तकातलं पान काढायचे, बोट ठेवायचे आणि "हं, म्हण" म्हणायचे. मुलगा अडखळला की शेरा. वाईट शेरा म्हणजे बदली, आणि आमच्या जिल्ह्यात बदली म्हणजे मोखाडा. तिथला हिवताप ऐकला तरी हुडहुडी भरावी. शिवाय वाघ. पंतांनी जेवण टाकलं. रात्री झोप नाही, दिवसा पाणी पिताना भांडं दातांवर वाजायचं. मी विनवलं, "पंत, आठ दिवस तरी घोकून घेऊ या. छडी हवी तर मी आणतो." पंत पांढरेफटक पडले, पण मान हलवली ती नकारार्थीच.

साहेब आले. हातात चांदीच्या मुठीची काठी, मागे आम्ही दोघे. धाडकन दार ढकलून ते वर्गात शिरले. मुलं उठून उभी राहिली. आणि पहिल्याच रांगेतला बाळ्या, आगरी घरचा पोर, भोळेपणानं म्हणाला, "सायेब, तुमी इचारलंच नाय, येऊ का म्हनून."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "काय म्हणालास?" असं गरजून त्यांनी काठी उगारली.

पंत मध्ये कधी आले ते मला कळलंच नाही. पाल बघून खुर्चीवर चढणारा तो माणूस साहेबांसमोर उभा राहिला, थरथर कापत, आणि त्यानं आपला उजवा तळहात पुढे केला. शाळेत छडी खाणारं पोर करतं, अगदी तसा. दोन बोटं काही सरळ होईनात.

"हे काय?" साहेबांचा हात तसाच वर राहिला.

"शाळेतलंच आहे, साहेब," पंत म्हणाले. "लहान होतो. पंतोजी छडी घेऊन पाठीमागून आले. मला कळलंच नाही. दार वाजवून आले असते तर मी हात मागे घेतला असता."

मग मुलांकडे वळून, फाटलेल्या आवाजात, "तुम्ही भिऊ नका रे. मी भितोय तेवढं पुरे."

साहेबांनी काठी खाली घेतली. नंतर आवाजही चढवला नाही. पण परीक्षा घेतली ती पुस्तकातलीच, आणि पुस्तकातलं आमच्या मुलांना काय येणार? शेरा पडला. महिन्याच्या आत हुकूम आला, मोखाडा.

जायच्या दिवशी बैलगाडी बाहेर उभी होती. घरचं माणूस म्हणावं असं पंतांना कुणी नव्हतंच. एक वळकटी, एक तांब्या, झालं सामान. निरोप घ्यायला ते वर्गाच्या दाराशी आले. टकटक केली. "येऊ का रे आत?"

आत पोरं मुसमुसत होती. "या" म्हणायला कुणाच्या तोंडून शब्द फुटेना, आणि पंत तर विचारल्यावाचून आत यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर ते तसेच उभे राहिले, वाकड्या बोटांनी उपरण्याचं टोक चुरगाळत. मोखाड्याचं भय तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

शेवटी बाळ्या उठला. नाक पुसलं, दारापाशी गेला आणि त्यांचा हात धरला.

"या पंत," तो म्हणाला. "तुमी भिऊ नका. आमी भितोय तेवढं पुरे."

आणि पंत आत आले.