एक बादली, अर्धी गाडी

एका बादलीत मोटारगाडी धुणारा माणूस आमच्या सेक्टरात एकच आहे, आणि तो मी! पाइप नाही, फवारा नाही, अंगणात चिखल नाही. बादलीभर पाण्यात टोपणभर औषध टाकायचं, मऊ फडकं बुडवायचं, हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवायचं आणि कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. संपलं! वरून पाणी ओतायचं कामच नाही. कंपनीवाले याला 'रिन्सलेस वॉश' म्हणतात. मी बिनपाण्याची धुलाई म्हणतो. माझी बायको रत्नमाला याला पोछा म्हणते.

म्हणू दे. भिलाईत पांढरी गाडी पांढरी ठेवणं म्हणजे काय, हे ज्याची आहे त्यालाच ठाऊक. स्टील प्लांटची लाल धूळ रात्रभर अशी बसते की सकाळी गाडीला तिखट-हळद लावून मुरत ठेवल्यासारखं वाटतं. त्यात एप्रिलचा महिना. आमच्याकडे नळ सकाळी येतो आणि घरात आधी आंघोळ कोणाची यावर भांडण चालू असतानाच जातो. तेव्हा मी ठरवलं, गाडीला रोज एक बादली. त्याच्यावर एक थेंब नाही!

या निश्चयाची खरी परीक्षा जयंतीच्या दिवशी आली. आमच्या समाजाची चौदा एप्रिलची रॅली ऊन तापायच्या आत निघते. पुढं सजवलेला रथ, मागं प्रमुख पाहुण्यांची गाडी, मग पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं. यंदा पाहुण्यांसाठी माझी गाडी ठरली होती. माझे वडील भंडाऱ्याकडून येऊन प्लांटात लागले आणि जन्मभर या रॅलीत सायकल हातात धरून चालले. त्यांच्या मुलाची गाडी रथाच्या मागं चालणार होती. मला आठवडाभर धड झोप लागली नव्हती, खरंच सांगतो.

सकाळी बादली घेऊन अंगणात आलो, तर शेजारचा शामसुंदर कुंपणावर कोपरं टेकून उभा. हा रोज नळ आला की स्वतःच्या गाडीला पाइपानं आंघोळ घालतो.

"देवाभाऊ, गाडी धुऊन राह्यला का आरसा पुसून राह्यला?"

"धुऊन राहिलो, शामभाऊ. नवीन पद्धत आहे."

"हे लोखंडाची धूळ आहे गा! फडक्यानं घासशीन तं पेंट उतरून जाईन. पह्यले पानी, मंग शाम्पू, मंग अजून पानी. माह्या बापानं म्हशी अशाच धुतल्या."

"गाडी म्हैस नाही!"

"म्हनूनच बिचारी सहन करून राह्यली."

आमचा आवाज इतका चढला, की जयंती समितीचे अध्यक्ष चंपतकाका रस्त्यावरून जाता जाता आत आले. काका ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झाले. तिथल्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ते अजूनही भट्टीच्या पलीकडच्या माणसाशीच बोलतात.

"कावून भांडून राह्यले बे? आज जयंतीचा दिवस आहे!"

दोघांनी एकदमच बाजू मांडली. काकांनी हात वर केला. "अर्धी देवानंद धुईन, अर्धी शामसुंदर. लोकाईले दिसू द्या कोनाचं खरं आहे ते. पन मले गाडी चकाचक पाह्यजे! नाही तं विक्कीची जीप सांगून ठेवतो."

विक्कीची जीप! तिच्या मागच्या सीटवर कायम कोंबडीचं खाद्य असतं. मी लगेच काळी टेप आणून बॉनेटपासून डिकीपर्यंत मधोमध चिकटवली. डावी बाजू माझी, उजवी शामसुंदरची.

आता इथं मी एक चूक केली. कामाला लागायच्या आधी चार शेजारी जमलेच आहेत तर आपली पद्धत समजावून सांगू म्हटलं. फडक्याची घडी कशी करायची, धूळ रगडायची नाही तर उचलायची कशी, दरवर्षी किती पाणी वाचतं. शामसुंदरलाही मी पाइप हातात घेऊन थांबवून ठेवलं. "ऐकून घ्या, शामभाऊ, तुमच्याच फायद्याचं आहे!" माणूस सभ्य, त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं उजवी बाजू भिजवली, शाम्पू चोळला, गाडीला अर्ध्या अंगाला दाढीच्या फेसासारखा फेस आला, आणि त्यानं ऐटीत पाइप उचलला.

पाइपातून फुस्स आवाज आला.

"नळ गेला!" शामसुंदर ओरडला.

"असं होतं, शामभाऊ," मी डाव्या दारावर शेवटचा हात फिरवत म्हणालो. "म्हणूनच मी म्हणतो, एक बादली!"

माझी बाजू लखलख करत होती. दारात मला माझे दात दिसत होते. शामसुंदर मान खाली घालून घरी गेला, मी टेप काढली आणि विजयी वीरासारखा चहा प्यायला बसलो. उजव्या बाजूचा फेस उन्हात वाळत होता. वाळू दे, म्हटलं. लोकांना फरक दिसायला नको?

चहा अर्धा झाला असेल तेवढ्यात काकांचा फोन आला. फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"देवानंद! आपल्या पाहुण्या, नंदिनीनगरच्या संघमित्रा मॅडम, येऊन पोहोचल्या! गाडी आन लवकर!"

मी उडालोच. उजवी बाजू बघितली. फेस वाळून पांढरे-लाल पापुद्रे झाले होते. पण मी डगमगणारा माणूस नाही! घरात उरलेली शेवटची बादली, नवं टोपणभर औषध, नवं फडकं. हात फिरवला, आणि फेस परत जिवंत झाला. अजून पुसलं, अजून फेस. फडकं पिळलं तर बादलीतही फेस. माझं औषध धूळ उचलतं, पण मुरलेला शाम्पू धुऊन काढायला वरून पाणीच ओतावं लागतं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं.

म्हणजे ज्याच्याविरुद्ध मी सकाळी भाषण दिलं, तेच हवं होतं. पाणी! घरात बघितलं तर सगळ्या बादल्या कोरड्या. रत्नमाला सकाळीच समाज भवनात गेलेली. मागच्या व्हरांड्यात मात्र झाकलेला निळा ड्रम होता, काठोकाठ भरलेला. पाणी नितळ. मी इकडे तिकडे पाहिलं. शामसुंदरनं बघितलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं. पटकन दोन बादल्या काढल्या आणि उजव्या बाजूवर भसाभस ओतल्या. फेस गेला! दोन्ही बाजू सारख्या दिसायला लागल्या. मी ड्रमवर झाकण ठेवलं, पांढरा शर्ट चढवला आणि गाडी भवनासमोर नेऊन उभी केली.

गाडी वाऱ्यानं वाळली होती. मी चावी खिशात टाकून काकांना दाखवायला बोलवायला गेलो. परत येतो तर काय! एक गाय गाडी चाटत होती. शांतपणे, खालपासून वरपर्यंत, पुन्हा खालपासून. फक्त उजवी बाजू. डाव्या बाजूला तिनं एकदा नाक लावलं आणि तोंड फिरवून परत आली.

"पाहा, देवाभाऊ!" शामसुंदर टाळ्या पिटत म्हणाला. "गाईलेही माहीच बाजू आवडली!"

रत्नमाला मात्र हसली नाही. तिनं गायीकडे पाहिलं, दाराला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अवो, तुमी मांगच्या ड्रमातलं पानी काढलं?"

"थोडंसं. साधं पाणीच होतं ना ते?"

"साधं? पोट्ट्यांच्या शरबतासाठी राती बसून साखर घोळली मी त्याच्यात! निंबू आधी पिळला तं कडू होते, म्हनून आत्ता पिळनार होती!"

"साखरेला रंग नसतो, रत्नमाला. मला कसं कळणार?"

"मले इचारून कळलं असतं." तिचा आवाज खाली गेला. तो खाली गेला की मी घाबरतो. यंदा शरबत पहिल्यांदाच बायकांच्या मंडळाकडे दिलं होतं आणि मंडळानं रत्नमालाकडे. "बसा आता गाडीत. रॅली झाल्यावर पाहीन तुमच्याकडे."

ड्रम टेम्पोनं भवनात आला, तिनं भवनाच्या टाकीतलं साधं पाणी घालून तो भरला, आणि ठरल्याप्रमाणे सगळी लिंबं पिळली. मी गायीला हाकललं, मॅडमना मानानं मागच्या सीटवर डावीकडे बसवलं आणि रॅली निघाली.

ज्यांनी आमची जयंती पाहिली नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे निळा गुलाल उधळतात. थोडाथोडका नाही, पोत्यानं! पहिल्याच चौकात आभाळ निळं झालं. डाव्या बाजूवर पडलेला गुलाल माझ्या गुळगुळीत पेंटवरून घसरला आणि खाली गेला. उजव्या बाजूवर पडलेला गुलाल तिथंच राहिला. दुसऱ्या चौकात त्याच्यावर दुसरा थर बसला. तिसऱ्या चौकापर्यंत उजवीकडची, स्टिअरिंगजवळची माझी खिडकी इतकी निळी झाली की मला बाहेरचं काही दिसेना. ऐकू मात्र येत होतं.

"अरे, गाडी पाहा!"

"अबे देख, देख! आधी नीली, आधी सफेद!"

"अर्धी निळी, अर्धी पांढरी! फोटो काढ, फोटो काढ!"

आठवडाभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा! वडील सायकल हातात धरून ताठ मानेनं चालले, आणि मी गाडीत बसून स्वतःचं हसं करून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रॅली थांबली आणि निळ्या काचेवर धाडधाड थापा पडल्या. दार उघडलं. समोर चंपतकाका, डोळे विस्फारलेले, हातात माइक. माइक चालू होता.

"देवानंद! हे बाजू कोनं केली?"

माणसानं वेळेवर हुशार व्हावं. मी झालो.

"शामसुंदरनं!" मी माइकमध्ये ओरडलो. "ती बाजू पूर्णपणे शामसुंदरची! माझा हातसुद्धा लागला नाही! सगळा सेक्टर साक्षीला आहे!"

काकांनी हळूच डोळे पुसले.

"पाह्यलं का?" ते म्हणाले आणि त्यांचा आवाज पार रेल्वे लाइनपर्यंत गेला. "गाडी देवानंदची, पन मन पाहा या मानसाचं! शेजाऱ्याच्या गाडीले असा निळा रंग चढवला की रथाच्या मांगं दुसरा रथ वाटून राह्यला! शामसुंदर, इकडे ये गा!"

शामसुंदर आला. त्याला काहीच समजलं नव्हतं, पण काकांनी निळा दुपट्टा गळ्यात घातल्यावर त्याला पटकन समजलं. टाळ्या वाजल्या. बायकांनी फुलं टाकली. तो माइक घेऊन म्हणाला, "मी तं फक्त पाइप धरला होता, बाकी सारं आपोआप झालं." याला लोक विनय म्हणाले! मॅडम खिडकीतून वाकून बघत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "गाडी सुंदर आहे हो. पण या डाव्या बाजूला का नाही काही केलं?"

तिकडे शरबत वाटप सुरू झालं होतं. एक एक पोरगं ग्लास तोंडाला लावत होतं आणि एक डोळा मिटत होतं. लिंबं ड्रमभर, साखर दोन बादल्या कमी!

रत्नमाला शरबताचा ग्लास घेऊन माझ्याकडे आली. दुपट्टा घातलेल्या शामसुंदरकडे तिनं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार.

"दुपट्टा मले पाह्यजे होता," ती म्हणाली. "साखर माही होती. घ्या, प्या हे."

मी प्यालो. एका दमात, एक डोळा मिटून. मग रॅली पुढं निघाली. समोरचं काही दिसेना, म्हणून मी वायपर लावले. माझ्या बाजूचा फिरला, शामसुंदरच्या बाजूचा साखरेत चिकटून बसलेला, जागेवरून हललाच नाही, आणि मी तर त्याच बाजूला बसलो होतो.