इजिप्तचा मारोती

हिंगणीत अस्सल संग्राहक एकच, आणि तो म्हणजे मी! दोन हजार दोन साली दिल्लीच्या एका व्यापाऱ्याची 'फक्त संग्राहकांसाठी' अशी यादी टपालाने आली. तिच्यातून मी इजिप्तच्या देवळाच्या भिंतीचा कोरीव तुकडा मागवला. तीन हजार वर्षांचा! वीतभर रुंद, हातभर उंच, त्यावर उकिडवं बसलेलं माकड. तिकडच्या लोकांचा विद्येचा देव म्हणे. माझी बायको सुलोचना म्हणाली, "याच्यावर चटनी वाटता येते काय?"

नागपुरात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणारे प्रभाकरराव मात्र पारखी माणूस. 'दगड पसंत पडला तर नेतो आणि प्रदर्शनात तुमच्या नावाच्या पाटीसह मांडतो,' असं त्यांचं पत्र आलं. आयुष्यभर घरात ज्याची टवाळी झाली, त्याचं नाव पाटीवर! ठरल्या शनिवारी, उजेडात नीट दिसावा म्हणून मी दगड अंगणातल्या कडुनिंबाला टेकवला आणि त्यांना आणायला वर्धा स्टेशनवर गेलो. गाडी तीन तास उशिरा!

आम्ही परतलो तर अंगणात ही गर्दी! माझं माकड नखशिखांत शेंदरात, गळ्यात रुईची माळ, अंगावरून तेलाचे ओघळ. शेजारच्या मनकर्णाबाई घंटी वाजवत होत्या.

"मावशी, हे काय करून राह्यल्या?"

"शनवारी झाडाखाली मारोती दिसला, त्याले कोरडा ठेवू काय?"

"मारोती नाई तो! इजिप्तचा आहे!"

"मंग? इतक्या दुरून आला बिचारा, तेल तरी नको घालू?"

मी सुलोचनावर उखडलो. "तू काऊन नाई थांबवलं?"

"मीच शेंदूर देल्ला! पह्यल्यांदाच तुमच्या दगडाले कोनी हात जोडले!"

आमचं भांडण रंगात आलं, तेवढ्यात मागे राहिलेले प्रभाकरराव रिक्षाचं भाडं देऊन आले आणि चपला काढून थेट गर्दीत शिरले. डोळे मिटून उभे राहिले आणि कपाळाला शेंदूर लावून परतले.

"जागृत ठिकान दिसते. पोरीच्या लग्नाचा नवस बोललो. बरं, आता तुमचा दगड दाखवा."

मी बोट दाखवलं.

"अहो, आधी सांगाचं ना! नवस बोलल्यावर त्याले कसा उचलू?"

चहा पिऊन ते निघून गेले. पाटी गेली!

महिन्याभराने प्रभाकरराव पुन्हा दारात! विचार बदलला वाटतं, म्हणून मी धावत बाहेर गेलो. त्यांच्यामागे मुलगी, होणारा जावई आणि अकरा नारळांची पिशवी.

"पुजारी कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

सुलोचनाने माझ्याकडे बोट केलं.

काय सांगू, अकराही नारळ मीच फोडले. तेही सोवळं नेसून!