सुळ्याची शर्यत

जड वस्तू हलवावी तर मीच! बढाई नाही मारत, बावीस वर्षं लोकांचं घरसामान हलवायच्या धंद्यात मुकादम आहे. लोखंडी कपाट असो, पियानो असो, जिन्यावरून अलगद उतरवून देतो. माझं तत्त्व एकच: वस्तू हलत नसेल तर जोर कमी पडतोय!

अशा माणसाला एक दात हलवायला कितीसा वेळ लागावा?

झालं असं, की आमच्या तेरा वर्षांच्या लेकीला, म्हणजे खारूताईला, दातांना तारा बसवायच्या होत्या. ती काही केल्या तयार होईना. मी आवेशात बोलून गेलो, "अगं, मीही बसवतो! दात तर तुला माझेच मिळालेत!" बायकोने शब्द वरच्या वर झेलला आणि आठवड्याभरात आम्हा दोघांना दवाखान्यात नेऊन बसवलं. दोघांच्याही वरच्या दोन-दोन उपदाढा काढल्या, तारा बसल्या. आता पुढे आलेले सुळे त्या फटीत मागे सरकवायचे. डॉक्टरीणबाईंनी इवल्याशा रबरांची एकेक पुडी दिली. रबराचं एक टोक मागच्या दाढेला अडकवायचं, दुसरं सुळ्याला.

"एका बाजूला एकच रबर. घाई नको," त्या म्हणाल्या.

घरी येताच खारूताईने पैज लावली. "बाबा, ज्याची फट आधी बुजेल त्याला खिडकीची खोली!"

ती खोली माझी. तिथे माझी आरामखुर्ची आहे, माझी दुपारची झोप आहे. पोर बिचारी फ्रिज आणि चपलांची मांडणी यांच्यामध्ये बसून अभ्यास करते, हेही खरं. पण पैज म्हणजे पैज!

पंधरा दिवसांनी तिच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने फटी मोजल्या. तिची अर्ध्या मिलिमीटरने बुजलेली. माझी जैसे थे! म्हणजे जोर कमी पडतोय. मी गुपचूप दोन-दोन रबरं लावली. मग तीन-तीन. ठणका असा लागला, की दुधात भिजवलेलं बिस्कीटसुद्धा चावेना.

"अहो, गाल धरून काय बसलात?" बायकोने विचारलं.

"विचार करतोय."

"गालाने?"

मी दुखण्यावरची गोळी सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि काय सांगू, फट बुजायला लागली! एक मिलिमीटर! दीड! दोन! मी रोज जेवताना आकडा जाहीर करू लागलो. खारूताई ताटात बघायची. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण आरामखुर्ची डोळ्यांसमोर आली की वाटेनासं व्हायचं.

पुढच्या तपासणीला मी छाती काढून गेलो. बाईंनी माझ्या तोंडात पाहिलं, मापं घेतली, पुन्हा पाहिलं.

"सुळा जागचा हललेला नाही," त्या म्हणाल्या.

"मग फट कशी बुजली?"

"दाढ पुढे आली! रबरं किती लावलीत?"

"तीन... एका बाजूला."

"अहो, दात म्हणजे काय कपाट आहे? मूळ आणि हाड यांच्यामध्ये पातळशी गादी असते. हलका जोर लावला की दात ज्या बाजूला ओढला जातो तिथल्या पेशी हाड खातात, उलट बाजूच्या नवं हाड भरतात, आणि दात सरकतो. तुम्ही ती गादीच चेंगरलीत! तिथलं रक्त थांबलं, काम बंद पडलं, सुळा अडकला. त्याला न झेपलेला जोर दाढेला मात्र बेताचा पडला, ती निघाली चालत. गोळ्याबिळ्या घेतल्यात का?"

"रोज दोन."

"छान! त्यांनी पेशींचं काम आणखी मंदावतं. आधीच तुमचं वय. हिचं हाड कोवळं, भराभर बदलतं. तुमचं..."

"कळलं, कळलं!" मी म्हटलं. पण हार मानतोय कोण? "फट तर बुजतेय ना? कोणी सरकायचं हे कुठे ठरलं होतं?"

खारूताई हळूच म्हणाली, "बाबाचं बरोबर आहे. फट बुजायला हवी, एवढंच ठरलं होतं."

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बुजतेय कसली?" बाई कडाडल्या. "दाढा आता परत मागे न्यायच्या. फट पुन्हा पहिल्याएवढी उघडणार. वर्षभर जास्त धरा!" आणि माझ्या हातातली रबरांची पुडी काढून घेऊन त्यांनी ती खारूताईकडे दिली.

त्याच संध्याकाळी मी माझी आरामखुर्ची स्वतःच्या हाताने फ्रिजशेजारी आणून ठेवली. आता रोज सकाळी मी खिडकीच्या खोलीचं दार वाजवतो. मोजून दोन रबरं मिळतात, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. तीही कालची जुनी दोन परत केल्यावर, आणि आ करून दाखवल्यावर.